पितृपक्षात आलेला कंट्रोलर

आमच्या ग्वाल्हेरच्या दूध प्लांटच्या स्टोअरमध्ये एक लोखंडी कपाट होतं. त्याच्या वरच्या कप्प्यात एकच पुठ्ठ्याचा खोका ठेवलेला असे आणि त्याच्याशेजारी दुसरं काही ठेवायची कुणालाही परवानगी नव्हती. खोक्यावर कुंकवाने काढलेलं स्वस्तिक होतं. दरवर्षी दसऱ्याला ते नव्याने काढलं जाई, त्यामुळे पुठ्ठा त्या जागी गुलाबी, जाडसर झाला होता. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात काकांनी मला ते कपाट उघडून दाखवलं आणि म्हणाले, "बेटा, हा आहे म्हणून आपण निवांत झोपतो."

खोक्यात कंट्रोलर होता. कारखाना ज्यांनी आतून पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. दूध टाकीतून कधी निघायचं, किती तापायचं, तापलेलं किती वेळ राहायचं आणि मग कुठल्या नळीने थंड व्हायला जायचं, हे ठरवणारा हा डबा. आकाराने आपल्या जेवणाच्या डब्यापेक्षा फार मोठा नाही. भिंतीवरच्या पॅनेलमध्ये एक बसवलेला होता, तो सगळी लाईन चालवायचा. तो गेला तर पंप, व्हॉल्व्ह, वाफ, सगळं जागच्या जागी थांबणार. म्हणून हुबेहूब तसाच दुसरा आणून ठेवलेला. कंट्रोलर बाजारात गेलो आणि घेऊन आलो असा मिळत नाही; मागवला तर कधी कधी महिने लागतात. काकांनी मालकांच्या मागे लागून तो आणवला होता आणि त्याचा त्यांना अभिमान होता.

काका म्हणजे आमच्या मेंटेनन्सचे प्रमुख. प्लांटमध्ये सगळे त्यांना काकाजी म्हणत, मी काका. त्यांचं घर खासगी बाजार या जुन्या मोहल्ल्यात. पूर्वज महाराजांच्या फौजेत होते, घरात एक तलवार आहे. खंडे नवमीला ती बाहेर निघते, तिला तेल लागतं, हळद-कुंकू वाहिलं जातं आणि ती परत म्यानात जाते. वर्षभर तिला कुणी हात लावत नाही. प्लांटवरही काका असंच करत. पान्हे, मीटर, पॅनेलचा दरवाजा आणि शेवटी हा खोका पाटावर मांडायचे. झेंडूचं फूल वाहायचं, नारळ फोडायचा आणि खोका परत कपाटात.

मला यात काही वावगं वाटलं नाही. आमच्या घरीही चांगली वस्तू अशीच राखली जाते. मी डबऱ्याची, ग्वाल्हेरजवळच्या छोट्या गावची. वडील धान्याच्या मंडीत तोलाईचं काम करायचे. घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिली. माझी पदवी आली तेव्हा आईने ती प्लास्टिकच्या पिशवीत घालून, पिशवीला हळद-कुंकू लावून ट्रंकेत ठेवली. इंटरव्ह्यूला मूळ प्रत लागेल म्हणून मागितली तर म्हणाली, "नेऊन काय करणार? कोरी आहे ती. डाग पडेल."

त्या इंटरव्ह्यूला समोर काकाच होते. माझं इंग्रजी पहिल्या दोन प्रश्नांतच संपलं. हिंदी शाळेत शिकलेली मुलगी, घरी मराठी, आणि इंग्रजी फक्त पुस्तकातलं. काकांनी माझं आडनाव वाचलं आणि सरळ मराठीत विचारलं, "घरी मराठी बोलता ना? मग मराठीतच सांग." मी सांगत गेले. नोकरी मिळाली. दौलतगंजात त्यांच्या ओळखीच्या घरी मला खोलीही त्यांनीच पाहून दिली, कारण एकट्या मुलीला खोली देताना लोक फार प्रश्न विचारतात. पहिल्या दिवाळीला त्यांच्या घरून माझ्यासाठी फराळाचा डबा आला. त्या माणसाचं माझ्यावर किती ऋण आहे, हे पुढचं लिहिताना मला सतत आठवत राहणार आहे.

त्या उन्हाळ्यात लाईन आधीच दोनदा थांबली होती. एकदा बॉयलरमुळे, एकदा पॅकिंगच्या मशीनमुळे. दुसऱ्या वेळी मालक स्वतः आले. सगळे त्यांना सेठजी म्हणत. आवाज न चढवता ते म्हणाले, "काकाजी, अब एक दिन का भी दूध गया तो मैं लाइन बेच दूँगा. ठंडा करके आगे भेज देंगे, बस." म्हणजे दूध तापवणं, पिशव्या भरणं बंद. गावांतून दूध घ्यायचं, थंड करायचं आणि मोठ्या डेअरीला पाठवून द्यायचं. त्याला ना मेंटेनन्स लागत, ना पॅकिंगवाल्या बायका, ना मी. काका नुसते म्हणाले, "नहीं जाएगा, सेठजी."

मे महिन्यातल्या एका सकाळची गोष्ट. आदल्या रात्री आंधी आली होती आणि लाईट येत-जात होती. सकाळी गावांचं दूध उतरवून झालं, मोठी टाकी भरली आणि लाईन सुरू करायच्या वेळी लाईट एक जोराचा झटका देऊन गेली, लगेच परत आली. पॅनेलमधून जळका वास आला. काकांनी दार उघडलं. कंट्रोलरवरचे सगळे दिवे विझलेले होते.

मला आठवतं, त्या क्षणी कुणीही घाबरलं नाही. काका तर जवळजवळ हसले. "चल, आज त्याचा दिवस आला," असं म्हणून त्यांनी कपाट उघडलं. खोक्याला आधी हात जोडले, मग चाकूने पट्टी कापली. आतला कंट्रोलर इतका नवा होता की त्यावरची पारदर्शक फिल्मही तशीच होती. आम्ही दोघांनी एकेक तार जुन्यातून काढून नव्यात लावली, काका नंबर वाचत आणि मी स्क्रू आवळत. लाईट दिली. एक हिरवा दिवा लागला. दुसरा, लाईन चालू असल्याचा, लागला नाही.

मी लॅपटॉप जोडला आणि आत पाहिलं. पुन्हा पाहिलं.

"काका, ह्यात काही नाहीये."

"काही नाही म्हणजे?"

"प्रोग्रामच नाहीये. कोरा आहे."

"कोरा तर असेलच ना बेटा, नवा आहे तो," ते म्हणाले, आणि बोलता बोलताच त्यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरत गेलेलं मला दिसलं.

कंट्रोलरला काय करायचं हे शिकवावं लागतं. ते शिकवणं म्हणजे प्रोग्राम. जुन्यात तो होता, आणि जुना जळाला होता. राखीव कंट्रोलर आणला की त्याच दिवशी त्यात प्रोग्राम भरून, चालवून पाहून, मगच कपाटात ठेवायचा असतो. काका स्टुलावर बसले आणि मला हळूहळू सांगू लागले. खोका आला त्या दिवशी लाईन बसवून देणारा इंदूरचा इंजिनियर योगायोगाने प्लांटवरच होता. म्हणाला, उघडा, आत्ताच भरून देतो. पण पितृपक्ष चालू होता. नवी वस्तू पितृपक्षात कशी उघडायची? काका म्हणाले, राहू दे, दसऱ्याला पूजा करून उघडू. दसऱ्याला पूजा झाली. इंजिनियर तोवर इंदूरला परत गेला होता. आणि पूजा झाली म्हणजे काम झालं, असं सगळ्यांच्या मनाने धरलं. पुढच्या दसऱ्याला परत पूजा झाली. मी आल्यावर विचारलं होतं तेव्हा काका म्हणाले होते, "एकदम तयार आहे." ते खोटं बोलत नव्हते.

प्लांटमधल्या जुन्या कॉम्प्युटरवर प्रोग्रामची प्रत होती. तो कॉम्प्युटर बिघडून भंगारात गेला होता. मी इंदूरला फोन लावला. मागून सनईचा आवाज येत होता. इंजिनियर चुलतभावाच्या लग्नात, उज्जैनच्याही पुढे कुठल्याशा गावात होता. "मैडम, होगा तो मेरे घर के पुराने लैपटॉप में होगा. शाम तक पहुँचूँगा." मी म्हटलं, आत्ता निघता येईल का? तो म्हणाला, "बारात लग रही है." मग माझा आवाज ऐकून म्हणाला, "निकलता हूँ, फेरे होते ही."

टाकीतलं दूध गावांतून कॅनमध्ये आलेलं, कोमट. ते लगेच थंड व्हायला हवं होतं आणि थंड करणारे व्हॉल्व्हही त्याच कंट्रोलरच्या ताब्यात. आम्ही त्यातले दोन हाताने पिळून अर्धे उघडले, थंड पाण्याचा पंप थेट तारा जोडून चालवला. काकांनी बर्फ कारखान्यातून लाद्या मागवल्या, गोणपाटात गुंडाळलेल्या, आणि त्या पाण्याच्या हौदात सोडल्या. बाहेर ऊन असं की लाद्या उतरवता उतरवताच अर्ध्या होत होत्या. टाकीवरचा काटा थोडा खाली आला आणि थांबला.

तोवर मी स्वतः प्रोग्राम लिहायला बसले होते. कॉलेजात आम्ही चौकातले लाल-हिरवे दिवे लावायला शिकलो होतो, तेवढ्यावर. नकाशे जमिनीवर पसरले आणि एकेक व्हॉल्व्ह लिहीत गेले. दुपारपर्यंत मला कळलं की पंप चालू-बंद करणं मला जमेल, पण दूध नेमकं तापवणं आणि न तापलेलं दूध मागे वळवणं जमणार नाही. ते चुकलं तर कच्चं दूध पिशवीत जातं. ओढणीने घाम पुसला आणि लॅपटॉप मिटला.

लॅबमध्ये एक दीदी होत्या, वयाने माझ्याहून मोठ्या, मुरैन्याच्या. दुधाची परीक्षा त्या करत. चाचणी साधी असते. काचेच्या नळीत थोडं दूध घ्यायचं, उकळत्या पाण्यात धरायचं आणि नळी तिरपी करून पाहायची. दूध काचेवरून सरळ घसरलं तर ठीक. काचेला बारीक कण चिकटले तर दूध फाटायला लागलं. दीदी दर थोड्या वेळाने नळी घेऊन दारात यायच्या. सगळे माना वर करायचे. दीदी म्हणायच्या, "अभी है." आणि परत जायच्या.

दुपारी सेठजी आले. कुणीतरी सगळं सांगितलेलं होतं. ते काकांकडे पाहतच नव्हते, माझ्याकडे पाहत होते.

"कितना टाइम लगेगा?"

"शाम तक प्रोग्राम आ जाएगा, सर."

"दूध शाम तक रुकेगा?"

पॅकिंगवाल्या बायका भिंतीच्या सावलीत ओळीने बसल्या होत्या. त्यांच्यातली एक म्हणाली, "सेठजी, भगवान के लिए पनीर ही बना लो." पनीरसाठीसुद्धा दूध तापवावं लागतं आणि एवढ्या दुधाला पुरेल अशी भांडी आमच्याकडे नव्हती.

मग काका उठले. मला बाजूला नेऊन मराठीत म्हणाले, "आपण हाताने चालवू."

"कसं काका?"

"मी वाफेच्या व्हॉल्व्हवर उभा राहतो. तू काट्याकडे बघ. कमी झालं की सांग, मी वाढवतो. बंब पेटवत नव्हतो का आपण?"

"आणि कमी झालेलं दूध पुढे गेलं तर?"

"तू सांगशील ना. मग मी थांबवतो."

आधी पाण्यावर करून पाहायचं ठरलं. काका व्हॉल्व्हवर, मी काट्यासमोर. सत्तर अंशांच्या वरचं तापमान एका ठिकाणी धरून ठेवायचं होतं. काकांचा हात चांगला होता. काटा बराच वेळ स्थिर राहिला आणि मला वाटलं, होतंय. मग वाफ थोडी मंदावली आणि मी "काका" म्हणेपर्यंत काटा खाली जाऊन परत वर आला. त्या एवढ्याशा वेळात कितीतरी पिशव्यांचं पाणी पुढे गेलं होतं. आम्ही परत केलं. परत तसंच झालं.

काका खाली उतरले. शर्ट अंगाला चिकटला होता. "दुधावर ठीक चालेल," ते म्हणाले. "दूध पाण्यापेक्षा जड असतं, असं पटकन नाही पडणार."

जड असलं तरी दुधाचं तापमान तसंच पडतं, आणि ते त्यांना माझ्याहून जास्त माहीत होतं. माझ्या नोकरीतलं जे काही मला येत होतं, ते सगळं त्यांनीच शिकवलेलं. तापमान क्षणभर जरी पडलं तरी दूध मागे वळलंच पाहिजे, हे पहिल्याच महिन्यात त्यांनीच माझ्याकडून घोकून घेतलं होतं.

"काका, मी नाही चालवणार," मी म्हटलं.

"घाबरू नको. जबाबदारी माझी."

"जबाबदारीचं नाही काका. हे दूध लेकरं पिणार."

मला वाटलं होतं, रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "लाईन जाईल, बेटा."

"हो."

"तुझी नोकरीही."

"हो काका."

सेठजींना मराठी बोलता येत नाही, पण ग्वाल्हेरात जन्म गेलेल्या माणसाला ती समजते. ते म्हणाले, "मैडम, आप नौकरी किसकी करती हैं?" काकाच मध्ये बोलले, "सेठजी, लड़की सही कह रही है." आणि ते परत स्टुलावर जाऊन बसले. त्यांच्या हातावर वाफेचा चटका बसला होता. तो मला तेव्हा दिसला.

त्यानंतर करण्यासारखं काही उरलं नाही, फक्त बर्फ. आणखी लाद्या आल्या. फोन लावला की इंजिनियर सांगे, अमुक गाव गेलं, तमुक टोलनाका आला. मी मनात नकाशा आखत होते. दीदी दारात येत होत्या. "अभी है." मग परत, "अभी है," पण या वेळी आवाज बारीक. मग एकदा त्या दारात न थांबता आत आल्या. नळी माझ्या हातात दिली. मी ती उजेडाकडे तिरपी केली. दूध घसरून खाली गेलं आणि काचेवर मागे रव्यासारखे कण राहिले.

दीदी म्हणाल्या, "एक बार और कर लूँ?" काका म्हणाले, "कर लो." त्यांनी परत केलं. दुसऱ्या वेळी नळी पाहायची गरजच पडली नाही, त्यांच्या तोंडावरूनच कळलं.

टाकी खाली करायला काकांनी कुणालाच हाक मारली नाही. स्वतः जाऊन खालचा व्हॉल्व्ह उघडला. पहाटे धारा काढून, कॅन वाहून, उन्हातून आणलेलं ते दूध सांडपाण्याच्या टाकीकडे जाऊ लागलं. बराच वेळ जात राहिलं. आंबूस वास येऊ लागला तसे पॅकिंगवाल्या बायका उठल्या, डबे उचलले आणि घरी गेल्या.

ऊन उतरताना इंजिनियरचा फोन आला. तो घरी पोहोचला होता, प्रोग्राम सापडला होता, त्याने पाठवलाही. मी तो कंट्रोलरमध्ये भरला. दुसरा दिवा लागला. लाईनमध्ये दूध नव्हतं म्हणून पाणी सोडलं आणि पाण्यावर ती चालवून पाहिली. पंप लागले, वाफ आली, काटा वर चढून एका जागी असा थांबला की जणू कुणी तो चिकटवून ठेवलाय. मी मुद्दाम वाफ कमी केली; पाणी आपोआप मागे वळलं. दिवसभर आम्ही दोघं मिळून जे करू शकलो नव्हतो, ते त्या डब्याने एका मिनिटात केलं.

सेठजी मागे उभे राहून पाहत होते. "अच्छी चल रही है," ते म्हणाले. मला क्षणभर आशा वाटली. मग ते म्हणाले, "बंद मत करना इसे. ऐसे ही तैयार रखो. चालू लाइन के ग्राहक जल्दी मिलते हैं."

ग्राहक लवकरच मिळाला. राजस्थानातली कुठली तरी डेअरी होती, तिची दोन माणसं पाहायला येणार होती. काकांना तोवर घरी बसायला सांगितलं होतं. लाईन दाखवायचं काम माझ्यावर आलं. मी आदल्या दिवशी खासगी बाजारात गेले आणि काकूंनी पाणी आणून देताच काकांना म्हटलं, "उद्या तुम्ही याल का? मला एकटीला नाही जमणार."

"मला कुणी बोलावलंय?"

"मी बोलावतेय."

ते आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, दाढी करून. मुलगी दाखवायच्या दिवशी बाप जसा दाराशी उभा असतो, तसे पॅनेलजवळ उभे राहिले. मी पाण्यावर लाईन चालू केली. ती माणसं तरुण होती, घाईत होती, मोबाईलवर फोटो काढत होती. काका त्यांच्या मागे मागे फिरून सांगत होते. हा पंप थंडीत सुरू होताना आवाज करतो, घाबरायचं नाही. या व्हॉल्व्हचं रबर कंपनी सांगते त्याच्या आधीच बदला. पाणी खारं असेल तर या नळ्या क्षाराने लवकर तुंबतात, तुमच्याकडे पाणी कसं आहे? त्यातला एक म्हणाला, "अंकल, सब मैन्युअल में होगा ना?" काका म्हणाले, "इतना नहीं होता, बेटा." आणि पुढच्या पंपाकडे वळले.

सांगून झालं तेव्हा ती माणसं सेठजींच्या केबिनमध्ये गेली होती. काका माझ्याकडे आले.

"आणखी काही राहिलं का गं?"

"नाही काका. सगळं सांगितलंत."

"सांगितलेलं बरं," ते म्हणाले. "तिकडे हिला ओळखणारं कुणी नाही."

मग त्यांनी मला लाईन बंद करायला सांगितली. उगाच पाणी वाया जात होतं.